सेल्फ फिरतो की नाही? : सुरू न होणाऱ्या गाडीचे क्रमवार निदान

इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. बॅटरीच्या जोरावर सेल्फने क्रँकशाफ्ट पुरेशा वेगाने फिरवला पाहिजे, सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन योग्य प्रमाणात पोचले पाहिजे, पिस्टनने ते नीट दाबले पाहिजे आणि नेमक्या क्षणी ते पेटले पाहिजे. पेट्रोल गाडीत पेटवण्याचे काम स्पार्क प्लगची ठिणगी करते. डिझेल गाडीत दाबामुळे तापलेली हवाच इंधन पेटवते. यांतली एक जरी गोष्ट कमी पडली तरी गाडी जागची हलत नाही. निदान करायचे म्हणजे या चारांपैकी नेमके काय हुकले ते शोधायचे, आणि सुरुवात नेहमी सर्वांत सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून करायची.

वाशिम जिल्ह्यात हा क्रम माहीत असण्याचा फायदा लगेच जाणवतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा असे सहा तालुके आहेत. ‘एमएच ३७’ची पाटी लावलेली गाडी मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या आडगावात बंद पडली, तर मिस्त्रीला तालुक्याच्या गावाहून बोलवावे लागते, नाहीतर गाडी ओढून न्यावी लागते. एवढा खटाटोप करून शेवटी दोष निघतो तो सैल झालेल्या टर्मिनलचा. उलट, दोष खरोखर मोठा असेल तर तोही आधीच ओळखता आलेला बरा. त्यामुळे कोणता मिस्त्री बोलवायचा आणि त्याने काय घेऊन यायचे, हे ठरवता येते.

आवाजावरून पहिली विभागणी

चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर काय ऐकू येते, हा निदानाचा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरावरून दोष कोणत्या बाजूला शोधायचा ते ठरते.

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवेही लागत नाहीत: बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सुटले आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दिवे लागतात पण सेल्फ मुका राहतो: दोष चावीचा स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा सुरक्षा-स्विच, नाहीतर खुद्द सेल्फ यांच्यात असतो. भराभर ‘कट-कट-कट’ आवाज येतो: बॅटरीत सेल्फ ओढण्याइतकी ताकद उरलेली नाही, किंवा वाटेतली एखादी जोडणी खराब आहे. एकदाच ‘टक्’ होऊन सगळे शांत होते: सेल्फची मोटर अडकली आहे किंवा तिचे कार्बन झिजले आहेत. सेल्फ रडत रडत फिरतो: बॅटरी अशक्त. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही: आता बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही, शोध इंधन, ठिणगी आणि दाब यांच्याकडे वळवायचा. इंजिन क्षणभर पकडून बंद पडते: इंधनाचा दाब टिकत नाही, किंवा चोरीविरोधी यंत्रणेने गाडी रोखली आहे.

या पहिल्या विभागणीतच चुकल्यामुळे पुष्कळ पैसा वाया जातो. सेल्फ व्यवस्थित फिरत असताना नवी बॅटरी घेतली जाते, नाहीतर ‘कट-कट’ होत असताना प्लग बदलले जातात.

बॅटरी: बारा व्होल्टचा हिशेब

कारची शिसे-आम्लाची बॅटरी सहा कप्प्यांची असते. पूर्ण चार्ज झालेल्या आणि काही तास नुसत्या पडून असलेल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा आणि १२ किंवा त्याहून कमी म्हणजे पावभर किंवा त्याहूनही कमी साठा. पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या मल्टीमीटरवर हे मोजता येते. मात्र नुसता व्होल्टेज पुरेसा नाही. छोट्या पेट्रोल कारचा सेल्फ शंभराहून अधिक आणि डिझेल गाडीचा दोनशेहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. जुनी बॅटरी भार नसताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच बसते. म्हणून दुसऱ्याने चावी फिरवत असताना मीटरकडे पाहावे. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा हीच चाचणी घ्यावी. तरीही घसरला तर बॅटरी बदलण्याच्या लायकीची झाली आहे.

मीटर नसेल तर हेडलाइट कामाला येतात. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर सेल्फपर्यंत प्रवाह पोचतच नाही.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी विजेला अडवते. ती काढण्यासाठी आधी ऋण म्हणजे काळी वायर सोडावी, मग धन म्हणजे लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवावे, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. जोडताना क्रम उलटा: आधी लाल, मग काळी. बॅटरीइतकेच महत्त्व अर्थच्या जाड वायरला असते, कारण इंजिनातून बॅटरीकडे परतणारा सगळा प्रवाह तिच्यातूनच जातो. सेल्फ मारत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब आहे. धन टोक आणि सेल्फचे जाड टोक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर लाल बाजूची वायर किंवा जोडणी दोषी.

विदर्भात बॅटरीचे आयुष्य उन्हाळा कमी करतो. मे महिन्यात वाशिमचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बोनेटखाली तापमान त्याहून बरेच चढते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पाणी उडते, प्लेटा गंजतात. नुकसान उन्हाळ्यात होते आणि अनेकदा उघडकीस येते हिवाळ्यात, जेव्हा पहाटेच्या थंडीत इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि सेल्फला जास्त ताकद लागते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

उभ्या गाडीतही बॅटरी उतरत असते. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना सतत थोडा प्रवाह लागतो. तो ४० मिलीअँपिअर धरला तर महिन्याला सुमारे २९ अँपिअर-तास खर्च होतात, आणि छोट्या कारची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. घरचे लोक पुण्याला मुलाकडे महिनाभर राहून आले आणि अंगणातली गाडी सुरू झाली नाही, तर त्यात नवल नाही. आतला दहा वॉटचा दिवा चुकून चालू राहिला तर एका दिवसात २० अँपिअर-तास जातात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर काळी वायर सोडून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

दुसऱ्या गाडीची मदत

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने सुरू करताना जंपर वायरींचा क्रम पाळावा. लाल वायरचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हे अंतर. धन-ऋणाची अदलाबदल झाली तर गाडीचा कॉम्प्युटर आणि अल्टरनेटर जळू शकतात. मदतीची गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला डायनॅमो, चार्ज करत नाही किंवा त्याचा पट्टा सैल आहे. अशा वेळी नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरते.

धक्का मारून गाडी सुरू करण्याची जुनी युक्ती फक्त हाताने गिअर बदलायच्या गाडीत चालते, आणि तीही बॅटरीत थोडा जीव असेल तरच, कारण आताच्या गाड्यांत कॉम्प्युटर आणि इंधन पंपाला वीज लागते. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत संपते. उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग करू नये. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ मुका

बॅटरी आणि जोडण्या ठीक असूनही सेल्फ फिरत नसेल, तर त्याला हुकूम पोचतो आहे का ते पाहायचे. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्किंग किंवा न्यूट्रलमध्ये हवा आणि ब्रेकवर पाय हवा. क्लचच्या पेडलखाली सरकलेले पायपुसणे हे या बिघाडाचे फार साधे कारण आहे. त्यानंतर फ्यूज आणि रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते छापलेले असते. सारख्याच क्रमांकाचा दुसरा रिले तात्पुरता सेल्फच्या जागी लावून पाहिला तर रिलेचा दोष मिनिटात कळतो. जळलेल्या फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आमंत्रण.

सेल्फच्या बारीक वायरवर चावी फिरवताच १२ व्होल्ट येत असतील, जाड वायरही ठीक असेल आणि तरी मोटर फिरत नसेल, तर दोष सेल्फमध्येच आहे. कार्बन, सोलेनॉइड किंवा बुश बदलून तो बहुधा दुरुस्त होतो. प्रत्येक वेळी नवा घ्यावा लागत नाही.

बटण-स्टार्ट गाडी ‘चावी सापडत नाही’ असा संदेश देत असेल तर रिमोटमधला नाण्याएवढा सेल संपला असण्याची शक्यता मोठी. बहुतेक गाड्यांत रिमोट थेट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू होते. चावीच्या आकाराचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून पाहावी. हा दोष प्लग-फिल्टर बदलून जाणार नाही.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही: पेट्रोल गाडी

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. नाहीतर सेल्फ तापून जळतो आणि बॅटरी उतरून दुसरा दोष तयार होतो.

इंधनाची चाचणी कानाने सुरू होते. चावी चालू स्थितीत आणल्यावर मागच्या सीटखालून, टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, वायरिंग आणि शेवटी पंप, या क्रमाने पाहावे. पंप चालत असला तरी दाब पुरेसा असेलच असे नाही. तो गॅरेजमध्ये गेजवर मोजावा लागतो. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवते. सीएनजीच्या अनेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात, त्यामुळे नेहमी गॅसवर धावणाऱ्या गाडीतही पेट्रोल पुरेसे हवे.

देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी मर्यादेपलीकडे गेले तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पेट्रोल पंपावर टाकी भरून घरी आल्यावर गाडी अडखळू लागली किंवा दुसऱ्या दिवशी सुरूच झाली नाही, तर काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून ते स्थिर राहू द्यावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याखेरीज इलाज नाही.

बराच वेळ सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि प्लग ओले निघत असतील, तर इंधन पोचते आहे पण ठिणगी नाही, किंवा इंधन प्रमाणाबाहेर झाले आहे. अशा वेळी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत त्या स्थितीत कॉम्प्युटर इंधन थांबवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. वास नाही आणि प्लगही कोरडे, तर इंधनच पोचत नाही.

ठिणगी तपासण्यासाठी पूर्वीप्रमाणे प्लगची वायर हातात धरणे धोक्याचे आहे. कॉइलमधून वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब निघतो. तपासणी ठिणगी-टेस्टर लावूनच करावी. चारही सिलिंडरची ठिणगी एकदम गेली असेल तर चारही प्लग एकाच दिवशी खराब होत नसतात. संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. पिस्टन कुठे आहे हे कॉम्प्युटरला तो सांगतो. त्याचा संदेश गेला की ठिणगी बंद होते आणि बहुतेक गाड्यांत इंधनही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नसेल तर ही खूण त्याच्याकडेच बोट दाखवते. अनेक क्रँक सेन्सर तापल्यावर काम सोडतात आणि थंड झाले की पुन्हा चालू होतात. उन्हात अकोल्याहून आलेली गाडी वाशिमात चहाला थांबली, वीस मिनिटांनी सुरू झाली नाही आणि तासाभराने काही न करता सुरू झाली, तर हे लक्षण मिस्त्रीला आवर्जून सांगावे. तापल्यावर कमजोर होणारा पंपही असाच वागतो.

डिझेल गाडी

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण सोळा-अठरापट दाबतो. तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून येथे सेल्फचा वेग, दाब आणि इंधनाचा फवारा या तिन्हींवर सारे अवलंबून असते.

सायलेन्सरचा धूर निदानाला मदत करतो. सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही: हवा पुरेशी तापत नाही, हीटर प्लग गेले आहेत किंवा दाब कमी आहे. वाशिमात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर प्लगचा दोष ठळकपणे दिसतो. पिवळा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. धूर अजिबात नसेल तर इंधन सिलिंडरपर्यंत जात नाही.

इंधन न जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘हवा पकडणे’. टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा नळीला बारीक चीर गेली की लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबून ही हवा काढता येते. जुन्या गाड्यांत ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यावे लागते. कॉमन-रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. चालू इंजिनात तेथे हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि बारीक फवाराही कातडीत घुसतो. सुरू होण्यासाठी या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, साधारण दोनशे बार दाब तयार व्हावा लागतो. एखादा इंजेक्टर मागे गळत असेल तर तो तयारच होत नाही. हे स्कॅनरवर दिसते. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी तिथल्या स्क्रूने काढता येते, आणि पावसाळ्यानंतर ते काढून पाहावेच. शेतीसाठीच्या डब्यातून वा टाकीतून काढलेले डिझेल घरच्या गाडीत ओतताना गाळून घेतलेले बरे.

दाब आणि टायमिंग

इंधन आहे, ठिणगीही आहे, तरी इंजिन पकडत नाही, तेव्हा दाब मोजावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात गेजवर दहा-बारा बारच्या आसपास दाब दिसतो आणि सिलिंडरांमध्ये फार फरक नसतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुसाट फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी. व्हॉल्व्ह आपल्या वेळेवर उघडत-मिटत नाहीत, म्हणून पिस्टनला अडवणारा दाब उरत नाही. अशा इंजिनात पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून खर्च अनेक पटींनी वाढतो. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर हा पट्टा बदलणे त्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

पाणी आणि उंदीर

जून ते सप्टेंबर या काळात नाल्यांवरचे बुटके पूल पाण्याखाली जातात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दबत नाही. सेल्फच्या जोराने किंवा इंजिन पकडताच कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून कोरड्यात आणावी, एअर फिल्टर ओला आहे का पाहावा आणि प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवावे. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते. सुड्या, पोती आणि कुटार घराजवळ येते आणि त्यामागे उंदीरही. उबदार इंजिनाच्या आडोशाला ते राहतात, वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी एकदम सुरू झाली नाही, किंवा एकाच वेळी अनेक दिवे लागले, तर बोनेट उघडून लेंड्या, धसकट आणि तुटक्या वायरी शोधाव्यात. ही तपासणी फुकटची आहे आणि स्कॅनर लावण्याच्या आधी करावी. गोदामाला किंवा गोठ्याला लागून गाडी उभी न करणे आणि जास्त दिवस उभी राहणार असेल तर बोनेट उघडे ठेवणे, हे घरगुती उपाय पुष्कळ अंशी चालतात.

स्कॅनर काय सांगतो

प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्या नियमांनुसार बनलेल्या गाड्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. स्कॅनर जोडला की कॉम्प्युटरने नोंदलेले दोष-क्रमांक वाचता येतात. ‘पी ०३३५’ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, ‘पी ००८७’ रेलमधल्या कमी दाबाचा, ‘पी ०५६२’ कमी व्होल्टेजचा. हे क्रमांक दोषी भागाचे नाव सांगत नाहीत. संशयाची जागा दाखवतात. ‘पी ०३३५’ आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष निघाला उंदराने तोडलेल्या वायरीत, असे सहज घडते. शिवाय कमजोर बॅटरीमुळे कॉम्प्युटर खोटेच अनेक क्रमांक नोंदवतो. म्हणून बॅटरी आधी, स्कॅनर नंतर.

रस्त्यावर बंद पडल्यास

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. कारंजा, शेलू बाजार आणि मालेगावमार्गे तो या जिल्ह्यातून जातो. अशा वेगवान रस्त्यावर गाडी बंद पडली तर निदानाची पहिली पायरी म्हणजे माणसे सुरक्षित करणे. धोक्याचे दिवे लावावेत, गाडी कडेच्या पट्ट्यात घ्यावी, सर्वांनी रस्त्याच्या कठड्यापलीकडे थांबावे आणि त्रिकोण बराच मागे ठेवावा. बोनेट उघडून रस्त्याकडे पाठ करून उभे राहू नये. अकोला–पातूर–मेडशी–मालेगाव–वाशिम–हिंगोली या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. कुठेही आणीबाणीत ११२.

मिस्त्रीशी बोलताना

मिस्त्रीला ‘गाडी सुरू होत नाही’ एवढे सांगून भागत नाही. सेल्फ फिरतो की नाही, गाडी थंड असताना अडते की तापल्यावर, किती दिवस उभी होती, इंधन कधी व कुठे भरले, नुकतेच कोणते काम झाले आणि कोणता दिवा लागला, ही सहा उत्तरे दिली तर त्याचा अर्धा वेळ वाचतो. कोणताही भाग बदलायचे ठरले की तो दोषी असल्याचे कशावरून ठरले ते विचारावे आणि जुना भाग परत मागावा. चांगला मिस्त्री मीटरवरचा आकडा दाखवतो.

गाडी सुरू न होण्याची मोठी आणि महागडी कारणे थोड्याच वेळा खरी ठरतात. बॅटरी, टर्मिनल, फ्यूज, इंधन आणि वायरी यांच्या तपासणीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ आणि मल्टीमीटरखेरीज फारसे काही लागत नाही. तीन वर्षांपेक्षा जुन्या बॅटरीची चाचणी उन्हाळा संपताच करून घ्यावी, आणि मोजून दोष सिद्ध झाल्याशिवाय गाडीचा एकही भाग बदलू देऊ नये.